प्रतिकृतीसाठी जपानी घर निवडताना

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत शिकते. वर्गातील प्रत्येक मुलाने एका देशाच्या पारंपरिक घराची प्रतिकृती करायची आहे आणि तिने जपान निवडला आहे. इंटरनेटवर शोध घेतला की मंदिरे, किल्ले, लाल कमानी, चहागृहे आणि कागदी दारांची घरे सरमिसळ होऊन समोर येतात. तयार प्रतिकृतींची छायाचित्रे पाहिली तर त्यांतील कोणतीही दोन एकमेकांशी जुळत नाहीत. तिला नुसते दिखाऊ घर नको आहे, खरे घर कसे बांधलेले असते ते समजून घेऊनच करायचे असा तिचा हट्ट आहे. माहिती कोठून जमवावी, मापे कशी ठरवावीत आणि तिच्या हाताला जमेल असे नेमके काय निवडावे?

उत्तर : आपल्या मुलीचा हट्ट अगदी योग्य आहे आणि तो शेवटपर्यंत टिकवावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. छायाचित्रे एकमेकांशी जुळत नाहीत याचे कारण साधे आहे. उत्तरेकडे माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ पडणारी खोरी आणि दक्षिणेकडे दरवर्षी वादळांचा मारा सोसणारी ओकिनावाची बेटे, एवढा पल्ला असलेल्या देशात सर्वांनी एकाच प्रकारचे घर बांधले असते तरच नवल. त्यातही शेतकऱ्याचे घर वेगळे, व्यापाऱ्याचे वेगळे आणि सामुराईचे वेगळे. म्हणून 'जपानी घर' असा शोध न घेता आधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : घर कोणत्या प्रदेशातले, कोणाचे आणि साधारण कोणत्या काळातले. ही तीन उत्तरे ठरेपर्यंत पुठ्ठ्याला हात लावू नये. एकदा ती ठरली की छप्पर असेच का, जमीन अशीच का, खिडकी येथेच का, या पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपोआप त्यांच्याशी जोडले जाते.

सामान्य लोकांच्या अशा घरांना जपानमध्ये 'मिंका' म्हणतात. त्यांतून निवड करताना मुलीची आवड विचारात घ्यावी. तिला घोडे आवडत असतील तर ईशान्येकडील इवाते प्रांतात 'मागारिया' नावाची काटकोनात वळलेली घरे आहेत. तेथे तबेला घराला जोडूनच असे आणि कडाक्याच्या थंडीत माणसे आणि घोडे एकाच छपराखाली राहत. तिला होड्या आवडत असतील तर क्योतो प्रांतातील इने या खाडीकाठच्या गावात 'फुनाया' पाहावीत, ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरते आणि होडी थेट घरात ओढून घेता येते. ओकिनावाच्या घरांना लाल कौले, बुटके छप्पर आणि भोवती दगडी गडगा असतो. मात्र पहिल्या प्रतिकृतीसाठी आम्ही दोनच प्रकार सुचवू, कारण त्यांची माहिती, नकाशे आणि छायाचित्रे मुबलक मिळतात : डोंगरातील 'गाश्शो-झुकुरी' शेतघर किंवा क्योतो शहरातील 'माचिया'.

गाश्शो-झुकुरी घरे गिफू प्रांतातील शिराकावा-गो आणि तोयामा प्रांतातील गोकायामा या भागांत आहेत. तेथील ओगिमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा या तीन खेड्यांना १९९५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या घरांचे छप्पर इतके उभे असते की त्याचा जमिनीशी होणारा कोन साठ अंशांच्या आसपास येतो. याचा अर्थ पुढून पाहिल्यास दिसणारा त्रिकोण जवळजवळ समभुज असतो. पाचवीतल्या मुलीला कंपास घेऊन तो अचूक काढता येईल. भिंतीची रुंदी बारा सेंटिमीटर ठेवली तर छपराच्या दोन्ही बाजूही बारा सेंटिमीटर. हा उतार शोभेसाठी नाही. तेथील बर्फ जड आणि ओला असतो. छपरावर तो साचून राहिला तर घर दडपले जाईल, म्हणून तो घसरून खाली यावा लागतो. ओगिमाचीतील घरे उभी आहेत तीही मनाला येईल त्या दिशेला नव्हेत. दरी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली असल्यामुळे घरांच्या त्रिकोणी बाजू वाऱ्याच्या तोंडाशी ठेवलेल्या आहेत, त्यामुळे वाऱ्याला अडवणारा भाग कमी होतो आणि छपराच्या दोन उतारांवर सकाळचे आणि दुपारनंतरचे ऊन पडून बर्फ वितळते. प्रतिकृतीच्या पाटावर दिशा दाखवणारा बाण अवश्य काढावा आणि घर त्याप्रमाणेच बसवावे.

या घराची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. खालचा मजला सुतारांनी खाचा आणि कुसे जुळवून केलेला असतो. वरचे प्रचंड छप्पर मात्र गावकरी स्वतः उभारतात, आणि त्यात लोखंडी खिळा नसतो. जाड वासे एकमेकांना दोरांनी आणि मऊ केलेल्या कोवळ्या फांद्यांनी बांधलेले असतात. मुख्य वाशाचे खालचे टोक पेन्सिलीसारखे तासून तुळईच्या टोकाशी केलेल्या खळग्यात नुसते टेकवलेले असते, त्यामुळे वारा किंवा बर्फाचा भार आला की सांगाडा मोडण्याऐवजी थोडासा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो. हा एक सांधा जरी मुलीने बांबूच्या काडीला टोक करून आणि पट्टीला छिद्र पाडून प्रत्यक्ष करून पाहिला, तरी तिला त्या घराचे मर्म कळेल. गोंदाने चिकटवलेल्या आणि दोऱ्याने बांधलेल्या काड्यांचे दोन छोटे त्रिकोण करून ते हाताने हलवून पाहावेत. फरक तिच्या तिलाच जाणवेल.

छपराच्या पोटात दोन-तीन, क्वचित चार माळे असतात. त्यांवर रेशमाचे किडे पाळले जात. खालच्या मजल्यावर जमिनीत केलेल्या चौकोनी चुलीला 'इरोरी' म्हणतात. तिची ऊब माळ्यांच्या फटींतून वर चढे आणि धूर गवतात मुरे. या घरांना धुराडे नसते, आणि ते विसरून राहिलेले नाही. धुरामुळे गवत आणि दोर कोरडे राहतात, कीड लागत नाही. गोकायामात तर घराच्या जमिनीखाली खड्डे खणून त्यांत माती, रानगवत आणि रेशीमकिड्यांची विष्ठा थरावर थर घालून कुजवीत आणि तिच्यापासून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करीत; तो कागा संस्थानाला पुरवला जाई. एकाच छपराखाली राहणे, रेशीम आणि सोरा असे तिन्ही व्यवहार चालत, म्हणून ही घरे एवढी मोठी आहेत.

गवताचा थर करताना बहुतेक प्रतिकृती फसतात. खऱ्या घराच्या पाखेची कापलेली कड पाहिली तर ती अर्ध्या मीटरहून जाड भरते. म्हणून १:१०० या प्रमाणात केलेल्या घराला पाच-सहा मिलिमीटर जाडीचा थर हवा. सुतळी उसवून तिचे तंतू खालच्या कडेपासून वर अशा ओळींनी चिकटवावेत, प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी येऊ द्यावी आणि शेवटी पाखेची कड कात्रीने सरळ छाटावी. खरे छप्पर तीस-चाळीस वर्षांनी बदलावे लागते आणि त्या वेळी 'युइ' नावाच्या परस्पर मदतीच्या रिवाजाप्रमाणे गावातील शंभर-दोनशे माणसे एकत्र येऊन एक बाजू एक-दोन दिवसांत शाकारतात. तुमच्या घरी ओळी चिकटवण्याच्या कामालाही सगळ्यांनी बसावे; ते काम एकट्या मुलीसाठी कंटाळवाणे आहे.

माचियाची गोष्ट अगदी वेगळी आहे. हे शहरातील व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे घर. रस्त्याकडील तोंड अरुंद आणि घर मागे लांबवर गेलेले अशी त्याची ठेवण असते. पुढे दुकान, त्यामागे घरच्यांचा वावर, त्यामागे पाहुण्यांची उत्तम खोली आणि तिच्यालगत बाग. शेवटी बऱ्याचदा जाड मातीच्या भिंतींचे आगीपासून सुरक्षित कोठार. घराच्या एका अंगाने पुढून मागपर्यंत मातीच्या जमिनीची एक वाट जाते. स्वयंपाक तिच्यातच चालतो आणि तिच्यावर मजला न घालता जागा थेट छपरापर्यंत मोकळी ठेवलेली असते, म्हणजे धूर आणि उष्णता वर निघून जाते. मधल्या छोट्या अंगणातील बाग केवळ पाहण्यासाठी नसते. दाटीवाटीच्या घरांत उजेड आणि वारा तेथूनच येतो. क्योतोतील आज दिसणारी बहुतेक माचिया १८६४ च्या मोठ्या आगीनंतर बांधलेली आहेत, हे काळ ठरवताना लक्षात ठेवावे.

माचियात मुलांना सर्वांत जास्त रमवणारी गोष्ट म्हणजे ऋतूप्रमाणे होणारा बदल. उन्हाळा आला की कागदाची सरकती दारे काढून ठेवतात आणि त्यांच्या जागी बोरूच्या काड्यांची जाळीदार दारे बसवतात. खोलीच्या जमिनीवर बसवलेल्या जाड चटयांवर, म्हणजे तातामीवर, वेताची किंवा बांबूची गार चटई अंथरतात. प्रतिकृतीत दारांचे दोन संच करून ठेवले आणि पाहणाऱ्यांसमोर ते बदलून दाखवले, तर जपानच्या दमट उन्हाळ्याबद्दल वेगळे काही सांगावे लागणार नाही. आमचे मत विचाराल तर बाहेरून उठावदार दिसणारे घर हवे असेल तर गाश्शो-झुकुरी, आणि आतली राहणी दाखवायची असेल तर माचिया. दोन्ही गोष्टी एकाच प्रतिकृतीत साधण्याचा प्रयत्न करू नये.

आता माहिती कोठून मिळवावी ते सांगतो. प्रवासी छायाचित्रांपेक्षा खुल्या वस्तुसंग्रहालयांची संकेतस्थळे अधिक विश्वसनीय आहेत. कावासाकी शहरातील 'निहोन मिंका-एन' १९६७ मध्ये सुरू झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सुटी करून आणलेली जुनी घरे तेथे पुन्हा उभी केलेली आहेत आणि त्यांत गाश्शो-झुकुरी घरेही आहेत. तेथेच १६८७ सालचे कितामुरा कुटुंबाचे शेतघर आहे, ज्याच्या मोठ्या खोलीची जमीन बांबूची आहे. जपानी घर म्हणजे सर्वत्र तातामी ही समजूत त्या एका घराने दूर होते. तोक्योच्या कोगानेइ भागात 'एदो-तोक्यो खुले वास्तुसंग्रहालय' आहे, ते १९९३ मध्ये उघडले. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मुलांच्या संग्रहालयात क्योतोने भेट दिलेले रेशीम व्यापाऱ्याचे खरे माचिया १९७९ पासून आहे आणि ते मुलांसाठीच मांडलेले असल्यामुळे त्याचे वर्णन सोप्या भाषेत मिळते. जुनी रेखाचित्रे हवी असतील तर एडवर्ड मोर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाचे काम पाहावे. तो १८७७ मध्ये जपानला गेला आणि तेथील घरांवर त्याने १८८० च्या दशकात एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दाराची खाच, छपराची कड, स्वयंपाकघरातील मांडणी अशा गोष्टी त्याने स्वतः काढून ठेवल्या आहेत, आणि स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे तो ग्रंथ विनामूल्य वाचता येतो.

शोध घेताना बाहेरच्या दृश्यापेक्षा दोन प्रकारची चित्रे मिळवावीत : वरून पाहिलेला जमिनीचा आराखडा आणि घर मधोमध कापल्यासारखा उभा छेद. आराखड्यावरून खोल्या कळतात, छेदावरून उंची कळते. ही दोन चित्रे हाती असतील तर प्रतिकृती करता येते. नसतील तर शंभर छायाचित्रांनीही भागत नाही. घराचे नाव कळले की ते जपानी लिपीत उतरवून शोध घ्यावा, कारण तपशीलवार आराखडे बहुतेक त्याच भाषेत प्रसिद्ध झालेले असतात आणि आकडे वाचायला भाषा लागत नाही.

मापांच्या बाबतीत एक सोय आहे, ती तुमच्या मुलीला फार आवडेल. जपानी सुतार 'शाकु' या एककात मोजतो आणि एक शाकु म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. म्हणजे प्रतिकृती १:३० या प्रमाणात केली तर एक शाकु जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर होतो. गुणाकार नाही, भागाकार नाही. आराखड्यावर सहा शाकु लिहिले असतील तर पट्टीवर सहा सेंटिमीटर मोजावेत. सहा शाकुंचा एक 'केन' होतो आणि खांबांमधील अंतर सामान्यतः केन किंवा अर्ध्या केनच्या पटीत असते. तातामी या चटईची लांबी रुंदीच्या दुप्पट असते आणि ती ढोबळमानाने सहा शाकु लांब, तीन शाकु रुंद धरता येते, म्हणून प्रतिकृतीत तिचा तुकडा सहा बाय तीन सेंटिमीटरचा होईल. प्रत्यक्षात क्योतोकडील तातामी १९१ बाय ९५.५ सेंटिमीटर आणि तोक्योकडील १७६ बाय ८८ सेंटिमीटर असते, पण या प्रमाणात तो फरक काही मिलिमीटरचाच आहे. खोलीचा आकार तातामींच्या संख्येने सांगतात. साडेचार तातामींची खोली नऊ बाय नऊ सेंटिमीटर, सहांची नऊ बाय बारा आणि आठांची बारा बाय बारा. सरकत्या दाराची उंची सुमारे पावणेसहा शाकु, म्हणजे पावणेसहा सेंटिमीटर, आणि मोठ्या माणसाची बाहुली सव्वापाच सेंटिमीटरची. गाश्शो-झुकुरी घर मात्र वीस मीटरपर्यंत लांब भरत असल्याने १:३० मध्ये ते टेबलावर मावणार नाही. तेथे १:१०० घ्यावे आणि आत इरोरीच्या खोलीचा एक तुकडा तेवढा १:३० मध्ये वेगळा करून शेजारी ठेवावा.

तातामी मांडताना एक नियम पाळावा : चार चटयांचे चार कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नयेत; तशी मांडणी घरात अशुभ मानतात. सहा तातामींची खोली असेल तर एका लांब भिंतीला लागून दोन चटया आडव्या टाकाव्यात. उरलेल्या जागेत दोन्ही टोकांना एकेक उभी आणि मध्ये दोन आडव्या एकावर एक बसतात. साडेचारच्या खोलीत अर्धी चटई मध्यभागी येते आणि चार पूर्ण चटया तिच्याभोवती फिरत गेल्यासारख्या बसतात.

एवढे करूनही पूर्ण घर आवाक्याबाहेरचे वाटले तर जपानी सुतारांचाच एक जुना मार्ग आहे. एदो काळात (१६०३ ते १८६८) चहागृहांचे 'ओकोशि-एझु' नावाचे कागदी नमुने करीत. जमिनीचा आराखडा जाड कागदावर काढून त्याच्या चारही कडांना भिंतींची चित्रे चिकटवलेली असत. त्या उभ्या केल्या की खोली तयार आणि आडव्या केल्या की सगळे घडी होऊन एका पाकिटात मावे. भिंतींवर दार, खिडकी, खांब आणि मापे लिहिलेली असत. क्योतोजवळच्या यामाझाकी येथील 'ताइआन' हे चहागृह सेन नो रिक्यु या चहाविधीच्या आचार्याशी निगडित मानले जाते. ते सोळाव्या शतकातले असून त्याची मुख्य खोली अवघ्या दोन तातामींची आहे. १:१० प्रमाणात तिची बाजू एकोणीस-वीस सेंटिमीटर येते. पुठ्ठ्याचे घर करण्यापूर्वी मुलीने या पद्धतीने एक खोली घडीच्या कागदात करून पाहावी, असा आमचा आग्रह आहे, कारण चूक कागदावरच सापडते आणि कागद पुन्हा कापता येतो.

प्रश्न : मी शाळेत हस्तकला शिकवते. जपानी घराच्या प्रतिकृती आमच्याकडे अनेकदा येतात आणि त्यांच्या शेजारील माहितीपत्रकात 'या घराच्या भिंती कागदाच्या असतात' आणि 'या घरात एकही खिळा नसतो' ही दोन वाक्ये हमखास असतात. ती कितपत खरी आहेत? प्रतिकृती तपासताना आणखी कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

उत्तर : दोन्ही वाक्ये अर्धवट खरी आहेत, म्हणूनच ती दुरुस्त करणे महत्त्वाचे आहे. पारंपरिक घराची भिंत बहुधा मातीची असते. बांबूच्या कामट्यांची जाळी गवताच्या दोरीने बांधून तिच्या दोन्ही बाजूंना पेंढा मिसळलेली माती लिंपतात. ही भिंत खांबांच्या मध्ये बसते, खांबांना झाकत नाही. म्हणून प्रतिकृतीच्या भिंतीवर खांब उघडे दिसलेच पाहिजेत. कागद असतो तो सरकत्या दारांना, आणि तीही दोन वेगळ्या प्रकारची. 'शोजी' म्हणजे लाकडी जाळीवर एकाच बाजूने पातळ कागद लावलेले, उजेड आत सोडणारे दार. 'फुसुमा' म्हणजे दोन्ही बाजूंनी जाड कागद लावलेले, दोन खोल्यांमधले अपारदर्शक दार. शोजीचा कागद बाहेरच्या बाजूने चिकटवतात, त्यामुळे जाळीच्या पट्ट्या खोलीतून दिसतात. मुले नेमके उलटे करतात. शोजी पावसात थेट भिजत नाही, कारण तिच्या बाहेर 'एन्गावा' हा लाकडी सोपा, वर खोल पाखे आणि रात्री किंवा वादळात लावायची लाकडी दारे असतात.

दार सरकते कसे, हेही तपासण्यासारखे आहे. वरच्या चौकटीची खाच खोल आणि खालची उथळ असते. दार आधी वरच्या खाचेत घालून उचलायचे आणि मग खाली सोडायचे, काढताना उलट करायचे. बिजागरी नाही, स्क्रू नाही. दोन दारांच्या जोडीत खोलीतून पाहता उजवीकडचे दार पुढे असते. ज्या मुलाने ही खाच बरोबर केली असेल त्याने खरोखर अभ्यास केला आहे, असे खुशाल समजावे.

खिळ्यांबद्दल सांगायचे तर मुख्य सांगाडा खाचा, कुसे आणि लाकडी पाचरी यांनी जोडतात हे खरे. लाकूडकामाची ही विद्या इतकी समृद्ध आहे की जपानमधील लाकडी वास्तूंच्या जतनाशी निगडित पारंपरिक कौशल्ये युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. परंतु फळ्या, छपराचे काही भाग अशा ठिकाणी लोखंडी खिळे जपानी सुतार शतकानुशतके वापरत आले आहेत. म्हणून 'सांगाडा लाकडी सांध्यांनी जोडलेला आहे' असे लिहावे. गाश्शो-झुकुरीच्या छपराच्या सांगाड्याबद्दल मात्र 'खिळ्यांशिवाय' हा शब्द बिनदिक्कत वापरता येतो.

याखेरीज छपराचे कोपरे वर वळलेले नाहीत ना, हे पाहावे; तशी छपरे मंदिरांची असतात. लाल कमान जपानच्या शिंतो धर्माच्या देवस्थानाच्या प्रवेशाशी असते, घरासमोर नाही. घराचे लाकूड बहुधा न रंगवलेले असते. खांब थेट मातीत रोवलेले नसून दगडांवर उभे असतात आणि जमीन उचललेली असते, म्हणून घराच्या खालून आरपार दिसायला हवे. गुण देताना देखणेपणापेक्षा 'हे असे का' या प्रश्नाला मुलाने दिलेल्या उत्तराला अधिक वजन द्यावे, ही विनंती.

प्रश्न : मी सहावीत आहे. माझे माचिया जवळजवळ तयार झाले आहे, पण आतून रिकामे दिसते. खोल्यांमध्ये काय ठेवू?

उत्तर : तुझे घर थोडे रिकामे दिसते हेच बरोबर आहे, तेव्हा ते भरून टाकू नकोस. जुन्या जपानी घरात पलंग आणि खुर्च्या नसत. रात्री गाद्या तातामीवर अंथरत आणि सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवत, त्यामुळे एकच खोली दिवसा बसायची आणि रात्री झोपायची होई. तू एका बाजूला सरकत्या दाराचे कपाट कर आणि कापडाच्या छोट्या घड्या आत ठेव. दार उघडून दाखवता येईल. बसण्यासाठी दीड-दोन सेंटिमीटरची चौकोनी आसने कर. सगळ्यांसाठी एक गोल बुटके टेबल ठेवण्याचा मोह होईल, पण ते घराघरांत पोहोचले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटानंतर. तुझे घर त्याआधीचे असेल तर प्रत्येकाला वेगळी छोटी चौकोनी पेटी हवी, जिच्यात स्वतःची भांडी ठेवत आणि जिच्या झाकणावर जेवत. दिव्यासाठी लाकडी चौकटीला पातळ कागद लावून उभा चौकोनी कंदील कर. पाहुण्यांच्या खोलीत एका भिंतीला 'तोकोनोमा' नावाचा थोडा उंच कोनाडा असतो. त्यात एकच लांबट चित्र टांग आणि खाली एकच फुलदाणी ठेव. दुसरे काहीही नको.

स्वयंपाक मातीच्या जमिनीच्या वाटेत होतो, म्हणून मातीची चूल, पाण्याचा रांजण आणि विहीर तेथे हवी, तातामीच्या खोलीत नाही. ही वाट खोल्यांपेक्षा खाली असते. तुझे प्रमाण १:३० असेल तर तातामीची जमीन दीड ते दोन सेंटिमीटर वर उचल आणि मध्ये चढायला एक सपाट दगड ठेव. वर चढण्यापूर्वी सगळे पादत्राणे काढतात. ती आठ मिलिमीटरची होतील. जितकी माणसे आत बसवशील तितके जोड त्या दगडापाशी ठेव.